घंटी वाजेपर्यंत

(एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा, छपाईसाठी थोडा आवरता घेतलेला मजकूर)



पावसाळा लागला की बांधावर, कुंपणाच्या कडेला, कधी तुळशीच्या कुंडीतसुद्धा न विचारता उगवणारी निळ्या फुलांची केना आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते. शेतकरी तिला तण म्हणून उपटतो, जाणती बाई तिचीच भाजी करते. वनस्पतिशास्त्रात ती ज्या वंशात मोडते त्याचं नाव 'कॉमेलिना'. मे 2025 मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, झगझगीत दिव्यांखाली आणि टीव्ही कॅमेऱ्यांसमोर, टेक्सासमधल्या ॲलन गावचा 13 वर्षांचा फैजान झाकी या केनेवर घसरला. विजय हाताशी आला होता. शब्द कानावर पडताच, अर्थ नाही, मूळ भाषा नाही, काहीही न विचारता त्याने आवेशात 'के'पासून सुरुवात केली आणि दोन-तीन अक्षरांतच आपण काय करून बसलो हे त्याला कळलं. शब्द 'सी'पासून सुरू होत होता. तोंडातून गेलेलं अक्षर परत घेता येत नाही, असा स्पेलिंगच्या या स्पर्धेचा नियम आहे. आता चुकल्याची घंटी वाजवाच, असं त्याने पंचांना स्वतःच सांगून टाकलं.

नशीब असं, की त्याच्याबरोबर उरलेले दोघेही त्याच फेरीत चुकले होते, त्यामुळे तिघंही पुन्हा खेळात आले. पुढे फ्रेंचमधून आलेला, 'एखाद्या संदिग्ध गोष्टीचा उलगडा' अशा अर्थाचा 'एक्लेअरसिसमां' हा शब्द बिनचूक सांगून फैजान स्क्रिप्स नॅशनल स्पेलिंग बी या स्पर्धेचा विजेता झाला. आदल्या वर्षी तो उपविजेता होता. 2025 चा उपविजेता कॅलिफोर्नियातल्या व्हायसेलियाचा, नाव सर्वज्ञ कदम. हे नाव ऐकून आपल्या कानांना बरं वाटतं, यात लपवण्यासारखं काही नाही. 2019 च्या विजेत्यांमध्येही डॅलसचा एक सुखटणकर होता. पण आजचा विषय आपल्या माणसांच्या कौतुकाचा नाही. आठवीपर्यंतच्या मुलांची ही पाठांतराची वाटणारी स्पर्धा शंभर वर्षं चालली. त्या काळात माइकसमोर कोण पोहोचलं, कोण पोहोचू शकलं नाही आणि का, हा आजचा विषय आहे.

स्पर्धा दिसायला सोपी आहे. एक मूल, एक माइक, शब्द उच्चारणारा एक प्राध्यापक आणि टेबलावर एक छोटी घंटी. मुलाने आठवी ओलांडलेली नसावी. त्याने अर्थ विचारावा, व्याकरणातली जात विचारावी, शब्द कोणत्या भाषेतून आला ते विचारावं, वाक्यात वापरून दाखवायला सांगावं, आणि मग ठरलेल्या वेळात एकेक अक्षर म्हणावं. आधार एकाच कोशाचा, मेरियम-वेब्स्टरच्या बृहद्कोशाचा, ज्यात साडेचार लाखांहून जास्त नोंदी आहेत. चुकलात तर घंटी. बरोबर आलात तर घंटी वाजत नाही, एवढंच. शब्द उच्चारणारे जाक बेली हे व्हर्माँट विद्यापीठात ग्रीक-लॅटिन शिकवतात आणि 1980 मध्ये ते स्वतः ही स्पर्धा जिंकलेले आहेत. 2003 पासून दर वर्षी मुलांच्या छातीत धडकी भरवण्याचं काम त्यांच्याकडे आहे आणि ते काम ते फार मायेने करतात.

अमेरिकेला शब्दांच्या अक्षरांचं हे वेड लावलं नोआ वेब्स्टरने. 1783 मध्ये त्याने निळ्या पुठ्ठ्याचं अंकलिपीवजा पुस्तक काढलं आणि पुढे कित्येक पिढ्या त्यावरच अक्षरं गिरवत वाढल्या. इंग्लंडपासून सुटलेल्या देशाला स्वतःची अक्षरओळख हवी होती. 'कलर'मधला 'यू' वेब्स्टरने काढला तो त्यापायीच. एकोणिसाव्या शतकात गावागावांतल्या शाळांत हिवाळ्याच्या संध्याकाळी अशा स्पर्धा भरत, आणि 1871 मध्ये एडवर्ड एगल्स्टनची 'द हूझियर स्कूलमास्टर' ही कादंबरी गाजल्यावर तर मोठी माणसंही तिकीट काढून त्या पाहायला जाऊ लागली.

1908 मध्ये क्लीव्हलंड शहरात शिक्षकांच्या राष्ट्रीय अधिवेशनात शहराशहरांच्या संघांची स्पर्धा झाली. यजमान संघ जिंकला. त्या संघात एकही चूक न करणारी 14 वर्षांची मुलगी होती मेरी बोल्डन, कृष्णवर्णीय. दक्षिणेकडच्या न्यू ऑर्लिन्स शहराला हे झोंबलं. गोऱ्या मुलांना काळ्या मुलीबरोबर एका व्यासपीठावर उभं केलंच कसं, असा तिथला सूर होता. म्हणजे या खेळात वर्णाचा प्रश्न नंतर कुणी आणून घातला असं नाही. तो पहिल्याच दिवशी हजर होता.

आजची राष्ट्रीय स्पर्धा 1925 मध्ये वॉशिंग्टनला सुरू झाली. लुईव्हिलच्या 'कुरियर-जर्नल'ने पुढाकार घेतला आणि नऊ वर्तमानपत्रांची नऊ मुलं आली. राष्ट्राध्यक्ष कूलिज त्यांना भेटले. फ्रँक न्यूहाउझर हा 11 वर्षांचा मुलगा 'ग्लॅडिओलस' हा शब्द सांगून जिंकला. ही फुलं त्याने घरच्या बागेत लावली होती, म्हणून शब्द ओळखीचा निघाला. बक्षीस 500 डॉलर, सोन्याच्या नाण्यांत. त्या काळी अंतिम शब्द असा बागेतला असे. आजच्या स्पर्धेत तो पहिल्या फेरीतसुद्धा टिकेल का, शंका आहे.

आता 1936. ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरातून 13 वर्षांची मॅकनोलिया कॉक्स राष्ट्रीय स्पर्धेसाठी निघाली. शहराने तिला वाजतगाजत निरोप दिला. गाडी मेरीलँडच्या हद्दीत शिरली तशी तिला आणि तिच्या आईला उठवून काळ्यांच्या डब्यात बसवलं गेलं. वॉशिंग्टनमध्ये बाकीची मुलं हॉटेलात उतरली आणि या मायलेकी एका कृष्णवर्णीय डॉक्टरच्या घरी. मेजवानीच्या वेळी त्यांना पुढच्या दाराने आत घेतलं नाही, आणि टेबलही वेगळं लावलं. एवढं सगळं पोटात घालून ती मुलगी माइकसमोर उभी राहिली आणि शेवटच्या पाचांत पोहोचली. मग तिला शब्द आला 'नेमेसिस'.

ग्रीक पुराणातल्या सूडदेवतेचं हे नाव. त्या वेळच्या कोशात ते मोठ्या अक्षराने छापलेलं होतं, म्हणजे विशेषनाम, आणि विशेषनामं स्पर्धेत द्यायची नाहीत असा नियम. ॲक्रनच्या वर्तमानपत्राने तिच्यासोबत पाठवलेल्या बातमीदार बाईंनी तिथल्या तिथे हरकत घेतली. पंचांनी ती फेटाळली. मॅकनोलियाने मधल्या 'ई'च्या जागी 'ए' म्हटलं आणि घंटी वाजली. ती पाचवी आली. पुढे कॉलेजला जाणं जमलं नाही. तिने एका डॉक्टरच्या घरी कामाला जाऊन दिवस काढले आणि 1976 मध्ये ती वारली. तो शब्द मुद्दाम निवडला होता का, हे सिद्ध करता येणार नाही. पण नियमबाह्य शब्द नेमका तिच्याच वाट्याला आला आणि हरकतीचं कुणी ऐकलं नाही, एवढं नोंदलेलं आहे. प्रस्तुत वक्त्याला तेवढं पुरेसं वाटतं.

ती चूक नक्की कुठे झाली ते पाहण्यासारखं आहे, कारण या खेळातलं सगळं कसब त्या एका जागी एकवटलेलं असतं. इंग्रजीत ज्या स्वरावर जोर येत नाही तो बोलताना विरून जातो. 'ए', 'ई', 'आय', 'ओ', 'यू' यांपैकी काहीही लिहा, उच्चार तोच पुसट 'अ'. भाषाशास्त्रात त्याला 'श्वा' म्हणतात आणि स्पर्धेतली मुलं त्याला शत्रू मानतात. कानाने तो ओळखता येत नाही. तो ओळखायला शब्दाची वंशावळ लागते. म्हणून मूळ भाषा विचारायची. ग्रीक म्हटलं की 'फ'साठी 'पीएच', 'क'साठी 'सीएच', जर्मन म्हटलं की 'श'साठी 'एससीएच', फ्रेंच म्हटलं की शेवटी न उच्चारली जाणारी अक्षरं, असे आडाखे डोक्यात बांधलेले असतात. 2023 चा विजेता देव शाह याला शेवटचा शब्द आला 'सॅमोफाइल'. सुरुवातीचा 'पी' ऐकूच येत नाही. पण 'सॅमो' म्हणजे ग्रीकमध्ये वाळू आणि 'फाइल' म्हणजे प्रेमी हे धागे त्याने प्रश्न विचारून पक्के केले आणि वाळूत रमणारा जीव अलगद बाहेर काढला. याला घोकंपट्टी म्हणणं अन्यायाचं आहे. आपल्याकडे धातू आणि प्रत्यय पाहून अनोळखी संस्कृत शब्द सोडवणारा विद्यार्थी जे करतो, तेच हा मुलगा नव्वद सेकंदांत करत असतो.

अर्थात हे आडाखे जिथे चालत नाहीत असेही शब्द असतात. माणसांच्या नावावरून पडलेले, गावांचे, नद्यांचे. तिथे शब्द पाहिलेला असला तर असला. न्यूयॉर्कचा अरविंद महंकाळी 2011 आणि 2012 अशी लागोपाठ दोन वर्षं जर्मन मुळाच्या शब्दांवर हरून तिसरा आला आणि 2013 मध्ये जिंकला तो यिडिशमार्गे आलेल्या, जर्मनच वळणाच्या 'क्नेडल' या शब्दावर. हा सूपमध्ये सोडायचा पिठाचा गोळा. गंमत अशी, की यिडिशच्या जाणकारांनी नंतर कोशातल्याच स्पेलिंगला आक्षेप घेतला. पण या दरबारात कोश म्हणेल ते खरं.

भारतीय वंशाची मुलं इथे आली ती उशिरा. 1985 मध्ये शिकागोजवळचा 13 वर्षांचा बालू नटराजन 'मिल्यू' या शब्दावर जिंकला. तो पहिला. 1988 मध्ये रागेश्री रामचंद्रन. मग दहा वर्षांची शांतता. 1999 मध्ये नुपूर लाला 'लॉगरीया' म्हणजे बडबडरोग हा शब्द सांगून जिंकली, तिच्यावर आणि तिच्या सात प्रतिस्पर्ध्यांवर 'स्पेलबाउंड' हा माहितीपट निघाला, त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं, आणि घराघरांत भारतीय मुलांनी ती पाहिली. तेव्हापासून 2025 पर्यंतच्या 36 विजेत्यांपैकी 30 भारतीय वंशाचे आहेत. 2005 च्या विजेत्याचं नाव तर अनुराग कश्यप. सिनेमावाला नव्हे.

अमेरिकेच्या लोकसंख्येत भारतीय वंशाचे लोक शंभरात एक-दीड असतील. मग हे झालं कसं? आपल्याकडे याचं उत्तर फार लवकर तयार होतं. वेदपाठाची परंपरा, घनपाठी, पाढे, पावकी-निमकी, आपल्या रक्तातच पाठांतर आहे वगैरे. ऐकायला गोड आहे, पण हिशेबात बसत नाही. रक्त 1925 मध्येही तेच होतं आणि 1960 मध्येही. बदलला तो कायदा. 1965 च्या कायद्याने अमेरिकेने देशनिहाय कोट्याची जुनी पद्धत मोडली आणि शिकलेल्या लोकांना दार उघडलं. डॉक्टर गेले, इंजिनिअर गेले. 1990 च्या कायद्यानंतर संगणकवाले गेले. म्हणजे एका अफाट देशातून परीक्षांच्या चाळणीतून निवडून निवडून घेतलेली माणसं गेली, ज्यांचं स्वतःचं आयुष्य परीक्षेने घडवलं होतं. त्यांच्या मुलांना बेसबॉलमध्ये रस असला तरी आई-बापांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. शब्दकोश मात्र कळत होता.

आणि मग त्यांनी संस्था उभी केली. रत्नम चित्तूरी यांनी 1989 मध्ये इलिनॉयमध्ये नॉर्थ साउथ फाउंडेशन सुरू केलं ते भारतातल्या गरीब, हुशार विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या द्यायला. त्यासाठी पैसा उभा करायचा आणि तिथल्या मुलांनाही काही द्यायचं, म्हणून 1993 पासून संस्थेने स्पर्धा भरवायला सुरुवात केली. शहरोशहरी शाखा, शनिवार-रविवार, स्वयंसेवक आई-बाप, छोट्या मुलांसाठी वेगळा गट. शाळेची स्पर्धा वर्षातून एकदा येते, ही मुलं तिच्या आधीच माइकसमोर उभं राहून घंटी ऐकून, रडून, घरी जाऊन परत आलेली असतात. 2008 पासून राहुल वालिया यांची साउथ एशियन स्पेलिंग बी सुरू झाली. मानववंशशास्त्रज्ञ शालिनी शंकर यांनी 2019 मध्ये 'बीलाइन' हे पुस्तक लिहिलं ते याच कुटुंबांबरोबर काही वर्षं काढून. एखादा समाज एखाद्या खेळात वर येतो तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा तालमी असतात. कोल्हापूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये.

घर हीच पहिली तालीम. काव्या शिवशंकर 2009 मध्ये जिंकली आणि तिची बहीण वान्या 2015 मध्ये. श्रीराम हथवार 2014 मध्ये, त्याचा भाऊ जयराम 2016 मध्ये. 2002 चा विजेता प्रत्यूष बुद्धिगा, त्याचा धाकटा भाऊ अक्षय 2004 मध्ये 'अलोपेकॉइड' हा शब्द ऐकून व्यासपीठावरच चक्कर येऊन पडला, सभागृहाने श्वास रोखला, आणि तो उठला, उभा राहिला आणि स्पेलिंग बिनचूक सांगून गेला. त्या वर्षी तो दुसरा आला. हा प्रसंग आजही कौतुकाने दाखवला जातो. तेरा-चौदा वर्षांचं मूल टीव्हीसमोर कोसळतं आणि मोठी माणसं टाळ्या वाजवतात, यात कौतुकाखेरीजही काहीतरी आहे. ते पाहून अस्वस्थ झालेल्यांची बाजू प्रस्तुत वक्त्याला पटते.

तालमी वाढल्या तसा खेळच आटोक्याबाहेर गेला. 2018 मध्ये आयोजकांनी नवी सोय केली, की प्रादेशिक स्पर्धा हरलेल्यांनाही पैसे भरून राष्ट्रीय फेरीत येता येईल. प्रवेशशुल्क शेकड्यांत डॉलर, शिवाय प्रवास आणि हॉटेल आपापलं. स्पर्धकांची संख्या एकदम 515 वर गेली. आणि त्याच वर्षी टेक्सासचा कार्तिक नेम्मानी, जो आपल्या जिल्ह्याच्या स्पर्धेत हरला होता, याच दाराने आत येऊन जिंकला. जिच्याकडून तो जिल्ह्यात हरला होता तीच अंतिम फेरीत त्याच्या समोर होती. त्याच्या गुणाबद्दल शंका नाही. पण तितक्याच गुणाचं, तितके पैसे नसलेलं मूल घरी बसून टीव्ही पाहत होतं, हेही तितकंच खरं.

पुढच्या वर्षी, 2019 मध्ये, कळस झाला. आठ मुलं उरली आणि चुकेनात. मध्यरात्र होत आली. जाक बेली यांनी सांगितलं, की शब्द आहेत, पण तुम्हाला अडवतील असे फारसे उरले नाहीत. आणखी तीन फेऱ्या, आणि जो चुकणार नाही तो विजेता. विसाव्या फेरीअखेर आठही जण उभे होते. त्यांतला एक शब्द होता 'बोगनव्हिलिया', आपली कंपाउंडवरची बोगनवेल. आठही जणांना प्रत्येकी 50,000 डॉलर मिळाले, त्यांत सात भारतीय वंशाचे. साडेचार लाख नोंदींच्या कोशाला मुलांनी चितपट केलं होतं. आयोजक मात्र हादरले. 2020 ची स्पर्धा कोविडमुळे झालीच नाही. नंतर परत आली ती पैसे भरण्याचं दार बंद करून, अर्थावरचे प्रश्न व्यासपीठावर आणून आणि बरोबरी झाली तर नव्वद सेकंदांत भराभर स्पेलिंगं सांगण्याची नवी फेरी घेऊन. अर्थाचे प्रश्न आणले हे चांगलं झालं. ती घाईची फेरी मात्र पटत नाही. 2022 मध्ये हरिणी लोगन तशीच जिंकली, 26 पैकी 21 बरोबर. 2024 मध्ये बृहत सोमाने 29 शब्द बरोबर सांगितले. पाहायला थरार आहे. पण शब्दाचं कूळ विचारायची, थांबायची, हवेत बोटाने लिहून पाहायची जी या खेळाची खरी मजा, ती त्यात राहत नाही.

2021 ची विजेती या सगळ्या तालमींच्या बाहेरची होती. लुइझियानातल्या हार्वीची झायला आवां-गार्द, 14 वर्षांची. बास्केटबॉलचे चेंडू एकाच वेळी टप्पे देत खेळवण्याचे गिनेस विक्रम तिच्या नावावर होते आणि स्पेलिंगकडे ती वळून थोडीच वर्षं झाली होती. शेवटचा शब्द आला 'मराया', योहान मरी नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडलेलं झाडांच्या एका वंशाचं नाव. तिने हसत विचारलं, की यात एखाद्या विनोदी नटाचं नाव तर नाही ना? रोख बिल मरीकडे होता. मग तिने स्पेलिंग सांगितलं आणि गर्रकन फिरून उड्या मारल्या. अमेरिकेतली ती पहिली कृष्णवर्णीय विजेती. त्याआधी 1998 मध्ये जमैकाची जोडी-ॲन मॅक्सवेल जिंकली होती. मॅकनोलिया कॉक्सची हकीकत झायलाला ठाऊक होती आणि मुलाखतींत तिने ती सांगितलीही. मराया वंशात आपला कढीपत्ता येतो आणि कुंतीही येते. फोडणीत तो तडतडताना ज्यांनी आयुष्यभर ऐकला त्या घरांतली मुलं त्या वर्षी मागे पडली, या योगायोगावर इथल्या वर्तमानपत्रांना हसायला हरकत नव्हती.

आपल्याकडे या बातम्या येतात तेव्हा एक मथळा ठरलेला असतो, भारतीय मुलाचा अमेरिकेत झेंडा. तिथे याच्या उलट घडतं. बक्षीस घेणाऱ्या मुलाच्या फोटोखाली, जिंकायला कुणी 'अमेरिकन' नव्हतं का, असं लिहिणारे लोक निघतात. मुलगा जन्मला टेक्सासात, वाढला टेक्सासात, त्याने कोश पाठ केला तो अमेरिकेचा, आणि दोन्हीकडची माणसं त्याला परदेशी ठरवतात. आपण ते प्रेमाने करतो एवढाच फरक.

मराठी शाळेत वाढलेल्यांना या मुलांचा हेवा वाटणं साहजिक आहे. महाराष्ट्रात 2000 पर्यंत सरकारी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला सुरू होई, आणि स्पेलिंग ही छडीच्या धाकाने पाठ करायची गोष्ट होती. शब्द लॅटिन की फ्रेंच हे विचारायची सोय नव्हती, बहुधा गुरुजींनाही ते कुणी सांगितलं नव्हतं. आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या आपल्या भांडणांत तरी कारण विचारायला कुठे वाव होता? आपण शुद्धलेखनाचे गुण कापले, त्याची स्पर्धा कधी केली नाही. तत्सम शब्द कोणता, तद्भव कोणता हे माइकवर विचारून मग 'इ' ऱ्हस्व की दीर्घ हे सांगणारी पाचवी-सहावीतली मुलं एखाद्या तालुक्याच्या सभागृहात उभी राहिली, तर पाहायला लोक जमतील. पैसा फार लागणार नाही. शनिवार-रविवार देणारे पालक लागतील.

आठवी संपली की हा खेळ कायमचा संपतो. चौदाव्या वर्षी निवृत्ती. बालू नटराजन आज डॉक्टर आहेत, नुपूर लालाही डॉक्टर झाली, मेंदूच्या विकारांची. प्रत्यूष बुद्धिगा काही वर्षं व्यावसायिक पोकर खेळला आणि त्याने त्यात नाव काढलं. कितीतरी माजी स्पर्धक शिकवणीकडे वळतात. शोभा आणि शौरव दसारी या भावंडांनी आपल्या तयारीत साठवलेले शब्द वापरून स्पेलपंडित नावाची कंपनी काढली आणि 2019 च्या त्या आठांपैकी बहुतेकांनी तिच्या याद्या वापरल्या होत्या. काही माजी स्पर्धक तासावर फी घेऊन ऑनलाइन शिकवतात. त्यांचे विद्यार्थी अंतिम फेरीत पोहोचतात, आठवी ओलांडतात आणि पुढच्या उन्हाळ्यात स्वतःची शिकवणी सुरू करतात.